कुळागरासाठी हलकी पेट्रोल चेनसॉ कुठली घ्यावी? चालवणारी मी स्वतः आहे

झरीकाठ (सावईवेरे), ११ एप्रिल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा विचारतेय. आमचं कुळागर (पाटाच्या पाण्यावरची मिश्र बाग) आहे, पोफळी आणि माड मुख्य, मधे जायफळ, भिरंड (कोकम), मिरीचे वेल, कडेला तीन-चार जुने फणस आणि वर भरडावर थोडे काजू. मिस्टर बोटीवर, वर्षातले आठ महिने तरी बाहेर. सासरे ७८ वर्षांचे, डोकं अजून तल्लख पण गुडघे बसलेत, त्यामुळे पाटाचं पाणी सोडण्यापासून पाडेल्याच्या (नारळ पाडणाऱ्याच्या) मागे लागण्यापर्यंत सगळं माझ्याकडे.

मागच्या जुलैत फणसाची मोठी फांदी मोडून पाटावर पडली आणि पाणी खालच्या पोफळींत तुंबलं. मशीनवाल्याला फोन केला तर आज येतो, उद्या येतो करत अकरा दिवसांनी उगवला, तोवर मी आणि सासरे हातकरवतीने जमेल तेवढं कापत बसलो होतो. तेव्हाच ठरवलं की आपलं मशीन घ्यायचं.

आता अडचण अशी की दुकानात गेलं की मालक माझ्याकडे बघतच नाही, "चालवणार कोण" असं विचारतो आणि मी म्हटलं की सरळ ५८ सीसीचं, २२ इंची पात्याचं मशीन पुढे करतो, म्हणे ताकद पाहिजे ना, वर स्वस्त पण आहे. उचलून बघितलं, दोन मिनिटांत मनगट भरून आलं. माझं वजन ५२ किलो, उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला होता. बजेट वीस-बावीस हजार. वापर म्हणजे पडलेल्या फांद्या, मेलेल्या पोफळी, काजूची छाटणी, कधीतरी आडवा झालेला माड. उभं मोठं झाड मी पाडणार नाही, त्याला माणूस बोलावेन. तर हलकं पण खेळणं नव्हे असं काय घ्यावं?

डिचोलीकर, ११ एप्रिल

ताई ते ५८ सीसीवालं अजिबात घेऊ नका. मी ऑनलाइन घेतलं होतं, नाव सांगत नाही, साडेसहा हजारांत आलं, पहिले दोन महिने झकास आणि मग सुरूच होईना, दोरी ओढून ओढून तळहाताला फोड. कार्बोरेटर बदलला, मग क्लचची स्प्रिंग गेली, मग ऑईल पंप बंद आणि बार (ज्यावर चेन फिरते ते पातं) निळा पडला. पार्ट प्रत्येक वेळी "साधारण असाच" मिळायचा पण तोच कधी नाही. शेवटी भंगारात दिलं. ते २२ इंची पातं मी पूर्ण वापरलं असेन दोन वेळा, बाकी वेळ उगाच वाहिलं.

काजूमळा (काणकोण), ११ एप्रिल

आमच्याकडे स्टिलची एमएस १८० आहे, सहा वर्षं झाली, काजूची सगळी छाटणी त्याच्यावरच. ३१.८ सीसी. बारीक काटक्या कोयत्याने आणि मनगटाच्या जाडीपासून पुढे मशीन. कधी कमी पडली असं नाही झालं. भाऊ चालवतो आणि त्याची बायकोही चालवते.

गॅरेज फोंडा, १२ एप्रिल

झरीकाठ ताई, मी पंधरा वर्षं हीच मशिनं उघडतोय, ब्रशकटर, चेनसॉ, फवारणी पंप, सगळं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट वजनाची. खोक्यावर जे वजन लिहिलेलं असतं ते नुसत्या इंजिनच्या धडाचं, बार नाही, चेन नाही, टाकी रिकामी. म्हणजे खोक्यावर ४ किलो लिहिलंय तर १४ इंची बार आणि चेन मिळून पाऊण ते एक किलो वर धरा, पाव लिटर पेट्रोलचे दोनशे ग्रॅम आणि चेन ऑईलचे सव्वाशे-दीडशे ग्रॅम, म्हणजे हातात पाच-सव्वापाच किलो येतं. तेच त्या ५८ वाल्याचं २२ इंची बारसकट भरलेलं मशीन सात किलोच्या पुढे जातं. दोन किलोचा फरक ऐकायला लहान वाटतो, पण दोन किलो सुपारी हातात धरून वाकून अर्धा तास उभे राहा म्हणजे कळेल.

दुसरी गोष्ट, वजन किती यापेक्षा कुठे आहे हे बघा. बार लांब झाला की नाक खाली जातं आणि ते वर उचलून धरायचं काम डाव्या मनगटाला करावं लागतं, म्हणून एकच मशीन १२ इंची बारवर हलकं वाटतं आणि १८ इंचीवर जड. दुकानात पुढच्या हँडलला डाव्या हाताने नुसतं लटकवून बघा, मशीन साधारण आडवं राहिलं किंवा नाक किंचित खाली गेलं तर बरं, दणकन खाली गेलं तर सोडा. तुमच्या कामाला १४ इंच पुरे, एक फुटाच्या आसपासचं खोड एका दमात जातं, त्याहून जाड असेल तर दोन बाजूंनी कापायचं.

तिसरी गोष्ट सीसी. खोक्यावरच्या ५८ वर जाऊ नका, मी उघडून मोजलेल्यांत ५४-५५ सीसी निघालेत. आणि ताकद इंजिनात असते हे अर्धंच खरं, अर्धी चेनच्या धारेत असते. ३० सीसीचं मशीन धारदार चेनवर बोथट ५० सीसीला मागे टाकतं, हे माझ्या दुकानासमोर गिऱ्हाइकांना कितीतरी वेळा करून दाखवलंय.

नावं घ्यायची तर स्टिल एमएस १७० (३०.१ सीसी) किंवा १८० (३१.८ सीसी), दोन्ही साधारण ४ किलोच्या धडाची. हुस्क्वार्ना १२० मार्क टू चांगलं आहे पण ३८ सीसी आणि धडच ४.८५ किलो, तुमच्या खांद्याला ते पाऊण किलो जाणवेल. एमएस २५० (४५.४ सीसी, ४.६ किलो) हे रोज लाकूड कापणाऱ्याचं मशीन, तुम्हाला गरज नाही. पण नावापेक्षा मोठं म्हणजे मेकॅनिक कुठे बसतो ते. फोंड्यातून घेतलंत तर फोंड्यात, म्हापशातून घेतलंत तर म्हापशाला न्यावं लागेल. जुलैत मशीन बंद पडल्यावर अर्ध्या तासात पोचता येईल असा डीलर धरा. घ्यायच्या आधी त्याच्याकडे फक्त एक विचारा, स्टार्टरची दोरी, एअर फिल्टर, कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) आणि बार हे चार पार्ट आत्ता दाखव. दाखवले तर घ्या.

म्हादईकाठ (वाळपई), १२ एप्रिल

वर चढून छाटायची असतील तर २५ सीसीची ती वरती हँडल असलेली येतात बघा, तीन किलोच्या आतबाहेर, एका हाताने चालते. ताईंना तीच हलकी पडेल की? सगळ्यात हलकी तीच.

बंबवाला (निवृत्त), १२ एप्रिल

म्हादईकाठ, राग मानू नका पण हा सल्ला मागे घ्या. अग्निशामक दलात नोकरी झाली माझी, म्हणून कळकळीने लिहितो. वरती हँडल असलेली मशीन ही दोर बांधून झाडावर चढणाऱ्या, शिकलेल्या माणसासाठी बनवलेली असतात. दोन्ही हात जवळजवळ येतात त्यामुळे मशीन उसळलं की आवरायला तरफच मिळत नाही. आणि "एका हाताने चालते" हेच त्यातलं सगळ्यात घातक. दुसऱ्या हातात फांदी धरलेली असते आणि पातं त्याच बाजूला सुटतं.

उसळणं म्हणजे काय ते ताईंना सांगतो. पात्याच्या टोकाचा वरचा चतकोर भाग, घड्याळात बाराच्या आणि तीनच्या मधला म्हणा, तो जर दुसऱ्या फांदीला किंवा ओंडक्याला टेकला तर चेन तिथे अडकते आणि सगळं मशीन पात्यासकट वर आणि मागे, तुमच्या तोंडाकडे फेकलं जातं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणून पुढचा काळा हातरोधक, जो चेन ब्रेक असतो, तो चालतो की नाही हे रोज बघायचं, डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालून वळवून पक्का मिटलेला पाहिजे, आणि उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नाही, जरा डावीकडे. खांद्याच्या वर मशीन कधी न्यायचं नाही. शिडीवर चढून तर नाहीच नाही.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आम्ही रस्त्यावरचीच झाडं दिवसरात्र कापत होतो. मी तेव्हा जे बघितलं त्यावरून सांगतो, माणसं झाड पाडताना जेवढी जखमी होत नाहीत तेवढी पडलेलं झाड कापताना होतात, कारण पडलेलं झाड शांत दिसतं पण त्यात ताण भरलेला असतो, वाकवलेल्या कांबीसारखा.

झरीकाठ (सावईवेरे), १२ एप्रिल

बंबवालाकाका, हा ताण नीट समजावून सांगाल का? माझं बहुतेक काम पडलेल्या फांद्यांचंच असणार आहे. गॅरेजबाब, तुमचं उत्तर सासऱ्यांना वाचून दाखवलं, धारेचं वाक्य ऐकून दोनदा मान हलवली त्यांनी.

बंबवाला (निवृत्त), १३ एप्रिल

फांदी दोन्ही टोकांना टेकलेली आणि मधे अधांतरी असेल तर तिची पाठ दाबलेली असते आणि पोट ताणलेलं. वरूनच कापत गेलात तर अर्ध्यावर फट मिटते आणि पातं चिमटीत अडकतं. म्हणून वरून तिसरा हिस्सा कापायचं आणि मग खालून वर येऊन मिळवायचं. उलट, फांदीचं एक टोक झाडाला किंवा बांधाला आणि दुसरं हवेत लोंबतंय, तर दाबलेली बाजू खालची, तेव्हा आधी खालून तिसरा हिस्सा, मग वरून. खालून कापताना पात्याच्या वरच्या कडेने कापावं लागतं आणि मशीन तुमच्याकडे ढकललं जातं, पाय नीट रोवून उभं राहा.

पातं अडकलंच तर हिसके मारू नका. मशीन बंद करा, पहार घालून ओंडका उचला किंवा लाकडी पाचर ठोका, फट उघडली की अलगद काढा.

आणि मुळासकट उपटलेलं झाड असेल, मुळांची मातीसकट थाळी उभी राहिलेली, तर त्याच्या खोडाला हात लावू नका ताई. खोड कापलं की ती थाळी परत खड्ड्यात बसते, कधी धाडकन. तिथे पोरं किंवा कुत्रा असेल तर संपलं. विजेची तार अंगावर घेऊन पडलेलं असेल तर लांब थांबून १०१ ला फोन आणि वीज खात्याला कळवा, मग कितीही वेळ लागू दे.

अंगावर काय घालायचं ते विचारलं नाहीत पण सांगतो. डोळ्यांवर जाळीची ढाल, कानाला मफ, बंद बूट, आणि पायांना चेनसॉचे संरक्षक लेगिंग. त्याच्या आत लांब तंतू असतात, चेन लागली की ते ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या चक्रात) गुंततात आणि चेन जागच्या जागी थांबते. बजेटमधून आधी याचे पैसे बाजूला काढा. साडी किंवा ओढणी घालून मशीन हातात घ्यायचं नाही, हे मी माझ्या लेकीलाही असंच सांगितलं असतं.

म्हादईकाठ (वाळपई), १३ एप्रिल

काका मागे घेतला सल्ला. आमच्याकडे एकजण तसाच एका हाताने चालवतो, त्याला हे वाचून दाखवणार.

पेडणेकर माड, १३ एप्रिल

माझा जरा वेगळा प्रश्न, आडवा आलेला माड कापताना माझी चेन दहा मिनिटांत बोथट होते आणि झाकणाच्या आत काथ्यासारखा लगदा गच्च बसतो. चेन खराब आहे की मशीन?

गॅरेज फोंडा, १३ एप्रिल

दोन्ही नाही, माडच तसा. माडाच्या खोडाला वर्षवलयं नाहीत, नुसते तंतू, बाहेरची तीन-चार बोटं लोखंडासारखी टणक आणि मधे भुसभुशीत, वर त्यात रेतीचा अंश असतो तो दाताची कड खातो. पोफळीचंही तेच पण ती बारीक असते म्हणून निभावतं. माड कापताना चेन ऑईल जरा सढळ सोडा, दर पाच-सात मिनिटांनी मशीन बंद करून बाजूचं झाकण काढा आणि तो ओला लगदा काडीने खरवडून काढा, नाहीतर तेलाचं भोक बुजतं आणि बार कोरडा चालतो. आणि शेवटची दोन इंचं कापताना सावध, आपल्या जांभ्या मातीला चेन एकदा टेकली की संपलं. चिऱ्याच्या गडग्याला (कुंपणाच्या भिंतीला) नुसती घासली तरी दात बोथट होतात. खाली आडवे ओंडके सारून खोड उचलून घ्यायचं, किंवा तीन हिस्से कापून खोड लोळवायचं आणि मग उरलेला हिस्सा वरून.

धार गेली हे ओळखायचं भुशावरून. धारदार चेन नखाएवढ्या ढलप्या फेकते, बोथट चेन पीठ पाडते. पीठ दिसलं की थांबा, जोर लावू नका. जोर लावायला लागला म्हणजे थकवा आला आणि थकल्यावरच अपघात होतो.

काजूमळा (काणकोण), १३ एप्रिल

धार लावायला दुकानात जायची गरज नाही ताई, मी स्वतः लावते (वर जी भावाची बायको म्हटलं ती मीच नव्हे, ती धाकटी, मी बहीण). छोट्या मशीनच्या चेनला ४ मिमीची गोल कानस लागते, ३/८ लो प्रोफाइल म्हणतात ती चेन. जरा मोठ्या मशीनची ०.३२५ असेल तर ४.८ मिमी. चेनवर आणि बारवर नंबर कोरलेला असतो, वाचून घ्या. दातावर ३० अंशांची तिरकी खूण असते तिच्याशी कानस समांतर धरायची, आतून बाहेर फक्त पुढे ढकलायची, मागे घासत आणायची नाही. प्रत्येक दाताला तीनच घाव, सगळ्यांना सारखेच. एका बाजूचे सगळे झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. घाव कमीजास्त झाले की चेन कापताना एका बाजूला वाकडी जाते. आणि चार-पाच वेळा धार लावली की दातापुढचा जो बुटका खांब असतो तोही सपाट कानशीने थोडा उतरवावा लागतो, साधारण ०.६५ मिमी दातापेक्षा खाली, त्याची पट्टी मिळते. तो खांब उतरवला नाही तर धार असूनही दात लाकूड धरत नाही.

पहिल्या वेळी मला पाऊण तास लागला होता, आता दहा मिनिटं.

डिचोलीकर, १४ एप्रिल

पेट्रोलचं पण लिहा कोणीतरी, माझं मशीन बहुतेक त्यानेच मेलं असं आता वाटायला लागलंय.

गॅरेज फोंडा, १४ एप्रिल

बरोबर ओळखलंत. माझ्याकडे जून-जुलैत येणाऱ्या मशिनांत सगळ्यात जास्त कार्बोरेटरची असतात. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत छोट्या इंजिनांना १० टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहिलेलं आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय असतं काय. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, वरती पेट्रोल, आणि पेट्रोलमधे आपण मिसळलेलं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑईल त्या तळच्या पाण्यात मिसळत नाही. मशीन तळचंच ओढतं. म्हणजे इंजिनला बिनतेलाचं काहीतरी जातं आणि पिस्टनला ओरखडे पडतात. शिवाय डायफ्राम कडक होतो.

उपाय साधा आहे. मिश्रण एकावेळी अर्धा-एक लिटरच करा आणि महिन्याच्या वर ठेवू नका, उरलं तर ताजं पेट्रोल घालून पातळ करण्यात अर्थ नाही. काम झालं आणि आठवडाभर मशीन लागणार नाही असं वाटलं तर टाकी ओतून रिकामी करा, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. प्रमाण कंपनीच्या चांगल्या टू-टी ऑईलला ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, मोजून, बाटलीच्या झाकणाने अंदाजे नाही. चांगलं तेल नसेल तर २५ ला १ म्हणजे ४० मिली, पण मग प्लग लवकर काळा होतो. आधी तेल, मग पेट्रोल, मग डबा हलवायचा, आणि टाकीत ओतायच्या आधी परत एकदा हलवायचा.

चेन ऑईलच्या जागी गाडीचं जळकं तेल घालतात लोक, ते करू नका. त्यात धातूचा बारीक चुरा असतो, पंप खातो. आणि चेन ऑईल सगळं शेवटी जमिनीवरच उडतं ना, ताई तुमच्या पोफळी झरीच्या पाण्यावर आहेत.

झरीकाठ (सावईवेरे), १४ एप्रिल

हे शेवटचं वाक्य वाचून पटकन नक्की झालं. त्याच झरीचं पाणी आम्ही पितो.

वाडीवरला (सांगे), १५ एप्रिल

एक राहिलं, कायद्याचं. मशीन घरात आलं की हात शिवशिवतात. आपल्या गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, स्वतःच्या जागेतलं झाड असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आणि झाड कशाला म्हणायचं याची व्याख्या फार खालची आहे, जमिनीपासून ३० सेंमी वर ५ सेंमी जाडी आणि एक मीटर उंची, म्हणजे मनगटाएवढं रोपसुद्धा आलं त्यात. २०१६ साली माड त्या व्याख्येतून काढला होता, मोठी ओरड झाली आणि पुढे परत आत घेतला. त्यामुळे उभा माड किंवा फणस कापायचा विचार असेल तर आधी वन खात्याच्या कचेरीत अर्ज. वाऱ्याने पडलेल्या झाडाचेही कापायच्या आधी मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवा, शेजाऱ्याशी हद्दीवरून वाजलं तर उपयोगी पडतात.

काजूमळा (काणकोण), १५ एप्रिल

आणि विभागीय कृषी कार्यालयात कृषी कार्ड घेऊन जा, बिल फाडायच्या आधी. अनुदानाच्या यादीत असलं तरी आधी खरेदी करून मग गेलात तर अडकायला होतं.

झरीकाठ (सावईवेरे), २९ एप्रिल

मंडळी, घेतलं. सगळं सांगते.

तीन दुकानं फिरले. सोबत सुपारी तोलायचा हुकाचा काटा घेऊन गेले होते, पहिल्या दुकानदाराला ते आवडलं नाही, दुसऱ्याने मात्र स्वतः टाकी भरून काट्याला लावून दिलं. एमएस १७०, १४ इंची बार, सगळं भरून ५ किलो २०० ग्रॅम. गॅरेजबाब, तुम्ही सांगितलेलं अगदी जुळलं. १८० पण उचललं, वजनात काही फरक नाही, थोडी ताकद जास्त, पण लेगिंग आणि जाळीचं हेल्मेट त्याच बजेटमधे बसवायचं होतं म्हणून १७० वर थांबले. चारही पार्ट त्याने कपाटातून काढून टेबलावर मांडले. मी डाव्या हाताने लटकवून बघितलं, नाक जरासं खाली, बस.

मग मागच्या अंगणात मला सुरू करायला लावलं. मशीन जमिनीवर, चेन ब्रेक पुढे ढकललेला, उजव्या पायाचं टोक मागच्या हँडलमधे, डावा हात पुढच्या हँडलवर दाबून, आणि दोरी. चोकवर तिसऱ्या ओढीला ठप करून आवाज आला आणि विझलं, मग चोक अर्ध्यावर घेऊन पुढच्याच ओढीला सुरू. घरी पहिल्या दिवशी मी तो ठप आवाज ऐकलाच नाही आणि चोकवरच ओढत राहिले, प्लग भिजला, वीस मिनिटं वाट बघावी लागली. आता कान तयार झालाय.

पहिले चार दिवस मी फक्त मेलेल्या पोफळी कापल्या, त्याही लाकडी घोड्यावर (ओंडका ठेवायच्या चौकटीवर) आडव्या ठेवून. नवीन चेन फार सैल पडते हे कोणी लिहिलं नव्हतं, दहा मिनिटांत खाली लोंबायला लागली. दुकानदाराने सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही, गार होऊ दिली आणि ताणली. हाताने ओढली की फिरली पाहिजे आणि बारच्या पोटाला चिकटून राहिली पाहिजे, एवढं बघते.

बंबवाला (निवृत्त), २९ एप्रिल

शाब्बास ताई. लेगिंग आधी घेतलंत हे वाचून फार बरं वाटलं.

पेडणेकर माड, ३० एप्रिल

पाच-सात मिनिटांनी झाकण उघडायचा सल्ला लागू पडला, परवा अख्खा माड एका धारेत झाला. देव बरें करूं.

झरीकाठ (सावईवेरे), १९ जून

पाऊस लागल्यापासून आज पहिल्यांदा खरं काम पडलं म्हणून लिहितेय. रात्री वारा होता, सकाळी बघते तर त्याच फणसाची दुसरी फांदी, मांडीएवढी जाड, पाटावर आडवी, एक टोक बांधावर आणि दुसरं पलीकडच्या गडग्यावर. मधे अधांतरी. काकांनी लिहिलेलं मोबाइलवर परत उघडून वाचलं, सासऱ्यांना बांधावर खुर्ची टाकून दिली, आणि आधी नुसती भोवती फिरले. वरून तिसरा हिस्सा कापला, फट मिटायला लागलेली दिसली तशी लगेच पातं काढलं आणि खालून घेतलं. मशीन अंगाकडे ढकलतं ते तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, पण पाय रोवलेले होते. फांदी मधे मोडून पाटात बसली. मग तिचे तुकडे. पिवळ्या ढलप्या पाण्यावरून वाहत खालच्या पोफळींपर्यंत गेल्या. सव्वा तासात पाट मोकळा, गेल्या वर्षी याला अकरा दिवस लागले होते.

शेवटच्या तुकड्याला मात्र गडग्याच्या चिऱ्याला चेन घासली. एकदाच, ठिणगी दिसली, आणि लगेच पीठ पडायला लागलं.

दुपारी जेवण झाल्यावर सासऱ्यांनी मशीन पडवीत मागवून घेतलं. तरुणपणी ते घरची मोठी करवत स्वतः घासायचे, दोन माणसांनी ओढायची ती. चष्मा कपाळावर सारून, चेनचा एकेक दात बोटाने चाचपून, पहिल्या दाताला हळदीचा ठिपका लावला, कुठून सुरुवात केली ते कळावं म्हणून. तीन घाव, पुढचा दात, तीन घाव. ५० कड्यांची चेन आहे, एका बाजूचे दात झाले की मला म्हणाले फिरव. ठिपका परत आला तेव्हा चहाची वेळ झाली होती. चिऱ्याला लागलेले पाच-सहा दात मात्र अजून चमकतात, टोकाला पांढरी रेघ दिसते, म्हणजे तिथे धार बसलेली नाही.

काजूमळा ताई, अशा दातांना जास्त घाव द्यायचे की सगळ्यांनाच तेवढे उतरवायचे?

काजूमळा (काणकोण), १९ जून

सगळ्यांनाच. सगळ्यात वाईट दात शोधा, तो पांढरी रेघ जाईपर्यंत घासा, घाव मोजा आणि तेवढेच बाकीच्यांना द्या, म्हणजे सगळ्यांची लांबी सारखी राहील. वेळ लागेल. आणि कानस आता गुळगुळीत झाली असेल, नवीन घ्या, ४ मिमीच, दुकानदार ४.८ देईल ती घेऊ नका.

झरीकाठ (सावईवेरे), १९ जून

उद्या फोंड्याला जातेच आहे, दोन आणते. एक सासऱ्यांची वेगळी.